तीन घरांनी पाणी घेतलं

रूथताई,

तुझ्या स्मरणसभेच्या बॅनरवरच्या फोटोत तुझ्या हनुवटीवरचा तीळ नाही. चेहरा गुळगुळीत करताना कुणीतरी तो पुसून टाकला. खाली सोनेरी अक्षरांत 'प्रभूत निजलेली समर्पित सेविका' असं लिहिलंय आणि मागे सूर्यास्त. ग्रुपवर त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी ते सकाळी कंपनीच्या बसमध्ये पाहिलं आणि मला शिसारी आली. त्या बसच्या खिडक्या उघडत नाहीत, म्हणून कारखाना येईपर्यंत तोंडावर रुमाल धरून बसलो.

शिसारी बॅनरची नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. आपल्या मंडळीला असल्या गुळगुळीतपणाची सवय लावली कुणी? मी लावली. पाच वर्षं, दर महिन्याला, तुझ्या नावाने.

परवा रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला चहाच्या टेबलापाशी गाठलं. "दानीएलभाऊ, स्मरणिकेतला मोठा लेख तुमचा. तुमची मावसबहीण, शिवाय तिची पत्रं तुम्हीच तर मराठीत आणलीत." मी म्हटलं, बघतो. "बघतो नाही, यल्ला, चला, शुक्रवारपर्यंत द्या. आणि ती तीन कुटुंबं जरूर घ्या हं! ते पत्र वाचताना माझाच आवाज भरून आला होता." लीलाकाकू शेजारीच समोसे मांडत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई गं, ती म्हातारी पाण्याखाली उभी राहते ते! घरी जाऊन ह्यांना सांगताना मी रडले, आणि हे म्हणतात, आधी एसी लाव."

सगळे हसले. मी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून तळाला गेलं आणि मी ते चमच्याने शोधत बसलो. गप्प राहायला मला नेहमी काहीतरी सापडतं. तू म्हणायचीस, दान्याला तोंड दिलंय ते फक्त भाकरीसाठी.

आता ते उघडतो. उशीर झालाय, पण उघडतो.

तू इथून निघालीस तो दिवस मला आठवतो. इथे अमिरातीत, रास अल खैमाच्या दवाखान्यात बावीस वर्षं सिस्टर म्हणून काढलीस, व्हिसा संपत आला, आणि आपल्या लोकांत रीत आहे की मग गावी जायचं, नगरला घर बांधायचं, वर गच्ची काढायची. मी तेच म्हटलं. तू म्हणालीस, "घर बांधून करू काय? सकाळी उठून पाणी घालायला दारात तुळससुद्धा नाही आपल्यात." तुझ्याबरोबरची फिलिपिनो सिस्टर मेक्सिकोतल्या एका मिशनमध्ये गेली होती, तिने बोलावलं. डोंगरातलं गाव, पाच कुटुंबांची एक मंडळी, टिनाच्या छपराचं देऊळ, आणि दवाखाना तीन तासांवर. तुला स्पॅनिश येत नव्हतं. "मला अरबी तरी कुठे येत होतं," म्हणालीस, "तरी इतकी बाळंतपणं केली."

मी तुला विमानतळावर सोडलं. ज्या माणसाला तू व्हिजिट व्हिसावर इकडे आणलंस, सात महिने स्वतःच्या हॉलमध्ये गादी टाकून दिलीस, ज्याच्या पहिल्या इंटरव्ह्यूचा शर्ट तू इस्त्री केलास, त्याने तुला निरोप देताना काय म्हणावं? मी म्हटलं, "ताई, पार्किंगची वेळ संपतेय."

मंडळीने तुला आपली म्हणून उचललं. त्याचं कारण आता मला स्पष्ट दिसतं. ह्या देशाने आपल्याला जागा दिली आहे, भिंतीच्या आत मोकळेपणाने गाणी म्हणा, प्रार्थना करा. भिंतीबाहेर कुणाला आपला धर्म सांगायचा नाही, आणि आपण तो नियम पाळतो, आपणहून पाळतो. पण आत बसलेल्या प्रत्येकाला कुठेतरी टोचत असतं की आपण प्रभूच्या कापणीला, नवी माणसं आणायला, गेलोच नाही. मग तू मिळालीस. आमच्या वतीने लांब कुठेतरी उभी असलेली बाई. आम्हाला कणसं हवी होती ताई, आणि तू दर महिन्याला माती पाठवत होतीस.

तुझे निरोप मला सकाळच्या बसमध्ये मिळायचे, तुझ्याकडे तेव्हा आदली संध्याकाळ. कानात तुझा आवाज आणि मागे कोंबड्या. "दान्या, ह्या महिन्यात उपासनेला नऊ माणसं, त्यातली तीन अंगावर पिणारी." किंवा, "छप्पर गळतंय. लुपेचा नवरा प्रवचन अर्ध्यात विसरला, मग आम्ही सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं आणि घरी गेलो." लुपे म्हणजे तिथल्या पाळकाची बायको, तुझी शेजारीण. किंवा, "बायकांत बसून मक्याच्या रोट्या थापल्या. माझी भाकरीच झाली. वरच्या घरातल्या म्हाताऱ्या तोमासाने ती उचलून डोक्यावर टोपीसारखी घातली."

आणि तो निरोप, ज्यात तुला हसू आवरत नव्हतं. "अरे, इथे मला सगळे काय म्हणतात माहितीये? इंदू! मला वाटलं, नगरच्या कुठल्या इंदूला ओळखतात की काय. तर त्यांच्या बोलीत भारतातून आलेला प्रत्येक माणूस हिंदू, आणि त्यांचा 'ह' ऐकू येत नाही. चार पिढ्यांपूर्वी आपला बाप्तिस्मा झाला, दान्या, आणि मी मिशनरी होऊन मेक्सिकोत आले तर गावात हिंदू बाई म्हणून प्रसिद्ध!"

मी बसमध्ये एकटाच इतका हसलो की शेजारचा सुपरवायझर म्हणाला, "क्या हुआ भाई, लॉटरी लगी?" आणि ऑफिसात पोचल्यावर मंडळीसाठीच्या त्या महिन्याच्या पत्रातून तो सगळा मजकूर मी काढून टाकला. त्याजागी लिहिलं, 'स्थानिक बंधुभगिनी मला प्रेमाने हाक मारतात.'

तुझं बोलणं असं पुस्तकी करण्याला मी 'मराठीत आणणं' म्हणायचो. नऊ माणसांची मी 'लहानमोठी सर्व' केली. गळतं छप्पर हा 'प्रार्थनेचा विषय' झाला. विसरलेलं प्रवचन म्हणजे 'आत्म्याने भारलेली गीतसेवा'. एक शब्द खोटा नव्हता असं मी स्वतःला सांगायचो. दिवसभर टाइल्सच्या एक्स्पोर्टचे कागद करणारा माणूस मी. पेटीत जे आहे तेच कागदावर, एका टाइलचा फरक पडला तर बंदरावर कंटेनर अडतो. तिथे मी कधी चुकलो नाही. तुझ्या पेट्यांवर मात्र मला हवं ते लेबल लावत गेलो.

तू एकदा विचारलंस, "पत्रात काय लिहितोस रे?"

"तू म्हणतेस तेच. थोडं नीट करून."

"नीट म्हणजे?"

"तुझी वाक्यं तुटतात, ताई."

"तुटणारच. मध्ये बादली भरते, कुणाचं पोर रडतं. तुटलेलीच पाठव की."

"लोकांना ऐकायला काहीतरी लागतं गं."

तू म्हणालीस, "लोकांना की तुला?"

मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. मला त्या पत्रांची चटक लागली होती, हे आज लिहितो. पाळकसाहेब मोठ्याने वाचायचे, मी शेवटच्या बाकावर बसायचो, आणि 'आमेन'चा आवाज पुढून मागे येत माझ्यापर्यंत पोचायचा. मला प्रार्थना करायला उभं केलं तर तिसऱ्या वाक्याला अडखळतो. इथे माझी वाक्यं ऐकून हॉल हलत होता आणि कुणाला माझ्याकडे बघावंही लागत नव्हतं. असं सुख मला दुसरं कशात मिळालं नाही. लिहितानाही घाण वाटते, पण मिळालं.

आता पाण्याचं.

तुझ्या गावात वरच्या अंगाला तीन घरं होती, तोमासाचं, तिच्या दिराचं आणि वळणावरच्या बेनितोचं. गावचा पाइप तिथवर जात नव्हता. ती तुझ्या देवळातली माणसंही नव्हती, गावातल्या बहुतेकांसारखी जुन्या मोठ्या कॅथलिक चर्चची. पण तोमासाचे गुडघे तू रोज बघत होतीस. तू गावसभेत जाऊन बसलीस, एकदा नाही, वर्षभर. तिथला कायदा तूच मला समजावला होतास: पाणी, रस्ता सगळं गावाने मिळून राबून करायचं, गावच्या संताच्या सणाचं कामही घराघराने आळीपाळीने अंगावर घ्यायचं, आणि जो हे करेल त्याचा पाण्यावर हक्क. सभेने शेवटी हो म्हटलं. चर खणायला तूही गेलीस, एकसष्टाव्या वर्षी, कुदळ घेऊन.

आणि मग तो निरोप आला. मी तो अजून पुसलेला नाही. "दान्या, ऐक, आवाज येतोय का? तीन घरांनी पाणी घेतलं रे! तोमासाचं, तिच्या दिराचं आणि बेनितोचं. तोमासा बघ, नळाखाली उभीच आहे, हटत नाही. अगं सरक! थांब, मी पण भिजले." मागे टिनाच्या बादलीवर पाणी वाजतंय आणि बायका हसताहेत.

त्याच रविवारी आपल्या मंडळीत ठरायचं होतं की तुला आणखी एक वर्ष पाठिंबा द्यायचा की नाही. "फळ काय?" असं एकदोघे विचारायला लागले होते. मला भीती वाटली. तुझ्यासाठी वाटली, आणि माझ्या पत्रांसाठीही.

आपल्या गावाकडे जुनी माणसं बाप्तिस्म्याला काय म्हणायची, तुला माहीत आहे. पाणी घेणं. 'अमक्याच्या घराने पाणी घेतलं' म्हटलं की आजी हात जोडायची. आपल्या मंडळीतली अर्धी माणसं तिकडचीच.

मी तुझे शब्द जसेच्या तसे लिहिले. 'तीन कुटुंबांनी पाणी घेतले.' घराचं कुटुंब केलं, नावं लिहिली. 'वयोवृद्ध तोमासा पाण्याखाली उभी राहिली ती हटेना.' मी फक्त एक शब्द काढला. नळ.

हॉल उभा राहिला, ताई. टाळ्या, हल्लेलुया. लीलाकाकू रडल्या. ठराव हात वर करून पास झाला, एकही हात खाली नाही. आणि शेवटच्या बाकावर मी खाली मान घालून बसलो होतो, लोकांना वाटलं, भारावलाय.

मिशनच्या ऑफिसला ते पत्र इंग्रजीत हवं होतं. आमची जेनी तेव्हा युनिव्हर्सिटीत होती, मी तिला बसवलं. तिने तुझा निरोप गाडीत माझ्याबरोबर ऐकला होता. ती लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "पप्पा, 'टुक वॉटर' मीन्स बाप्टाइझ्ड?"

"आपल्याकडे असं म्हणतात."

"बट देअर वॉज अ टॅप रनिंग. आय हर्ड इट."

"जेनी, लिही गं. आपल्याकडे असंच म्हणतात."

तिने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि लिहिलं. त्यानंतर तिने मला कधी काही भाषांतर करून दिलं नाही. मीही मागितलं नाही.

इंग्रजीचं मिशनने स्पॅनिश केलं, त्यांच्या पानावर टाकलं, नावांसकट. तालुक्याच्या बाजारात कुणीतरी ते मोबाइलवर वाचलं. पुढच्या गावसभेत तोमासाला, तिच्या दिराला आणि बेनितोला उभं केलं. तुम्ही धर्म सोडलात, आम्हाला सांगितलं नाही, आणि सणाचं काम अंगावर असताना आमच्याकडून पाणी घेतलंत? तोमासाला काय चाललंय हेच कळेना. ती म्हणाली, मी कुठे काय सोडलं, मी तर आज सकाळी मेणबत्ती लावून आले. सभेने पाइप कापला. तिन्ही घरांचा.

तू मला फोन केलास. ओरडशील असं वाटलं होतं. तू फक्त विचारलंस, "दान्या, पत्रातला नळ कुठे गेला?"

मी म्हटलं, "ताई, चूक झाली. पाणी घेतलं म्हणजे आपल्याकडे... तुझेच शब्द होते. लोकांचा गैरसमज झाला."

"माझेच शब्द होते."

"हो."

"नळ पण माझाच शब्द होता."

मी पुन्हा म्हटलं, चूक झाली. तू म्हणालीस, "बरं. चूक झाली. मग चूक झाली असं लिहून दे. हे पत्र रूथने लिहिलं नाही, मी लिहिलं, त्या तीन घरांचा बाप्तिस्मा झालेला नाही. खाली सही कर. मी इथे सभेत वाचून दाखवते. आणि तिथे मंडळीतही सांग."

"करतो."

"कधी?"

"करतो ताई. इन्शाल्ला."

"तुझ्या ऑफिसातल्या इन्शाल्लाचा अर्थ मला माहितीये. बावीस वर्षं राहिलेय मी तिथे."

त्यानंतर अकरा महिने तू विचारत राहिलीस आणि मी कारणं देत राहिलो. ऑडिट आहे. बायकोला, सुनंदाला बरं नाही. स्पॅनिश करून देणारा माणूस सुट्टीवर. खरं कारण साधं होतं. त्या पत्रानंतर मला वडीलमंडळात घेतलं होतं. रविवारी मी पहिल्या रांगेत बसत होतो. उठून सांगायचं की त्या टाळ्या नळासाठी होत्या?

त्या अकरा महिन्यांत तू खालच्या झऱ्यावरून तीन घरांचं पाणी वाहिलंस. मला हे तू सांगितलं नाहीस. निरोपात तुला धाप लागलेली असायची, मी विचारलं तर म्हणायचीस, "चढ आहे रे." एकदा तुझ्या नकळत तोमासा स्वतः घडा घेऊन निघाली आणि पडली, मनगट मोडलं. ते सरळ जुळलं नाही. आता ती रोटी एका हाताने थापते. हे कळल्यावरही मी सही केली नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं, ताई, आणि चौथ्यांदा लिहिलं.

तुझं हृदय त्या चढामुळे गेलं असं कुणी म्हणत नाही. मी म्हणायला लागलो तर सुनंदा म्हणते, "पुरे. आता त्यातही स्वतःलाच मोठं करू नका." बरोबर आहे तिचं. मला मोठं पातक हवं असतं, म्हणजे लहानसहान नीचपणा त्याच्या आड जातो.

तू गेल्याचा फोन आला त्या दिवशी दुपारी ऑफिसात बसून मी ते पत्र लिहिलं. वीस मिनिटं लागली. अकरा महिने जे जमत नव्हतं त्याला वीस मिनिटं. सेल्समधला कोलंबियाचा पोरगेला माणूस आहे, सगळ्यांना हबीबी म्हणतो, त्याने स्पॅनिश करून दिलं. वाचताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी हबीबी म्हटलं नाही. सही करून, पासपोर्टची प्रत जोडून मी ते लुपेला पाठवलं.

आठवड्याने तिचा निरोप आला. त्यानेच मला तो वाक्यावाक्याने थांबवून सांगितला.

लुपे म्हणत होती, पाइप आम्ही परत जोडला. रूथबाईला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. सभेत कुणी वाद घातला नाही. ते पत्र तिने लिहिलेलं नाही हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. बाजारात मीठ मागायचं तर जिला हातवारे करायला लागायचे ती बाई अश्रू आणि आनंद असलं लिहील? आम्ही दर सभेत तिला विचारायचो, हे कुणी लिहिलं? नाव सांग, आत्ता पाइप जोडतो. ती म्हणायची, खाली माझं नाव आहे, म्हणजे मी लिहिलं. मी तिला घरी येऊन भांडायचे, कुणाला झाकतेस? ती म्हणायची, मी नाव घेतलं तर ती चहाडी होते. तो स्वतः पाठवेल. धीम्या हाताचा आहे, पण पाठवेल.

शेवटी लुपे म्हणाली: तुमचं पत्र मिळालं. आता त्याचं काम नाही, पण ठेवून घेतलं आहे.

कोलंबियाच्या माणसाने फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि उठून गेला.

ताई, मला तुझा राग येतो. हे स्मरणिकेत लिहायचं नसतं, मला माहीत आहे. एका नावावर पाइप जोडला गेला असता, तुला माझं नाव घ्यायला काय झालं होतं? तू मला सांभाळलंस आणि तोमासाचं मनगट मोडलं. तुझ्या त्या सांभाळण्याची मला किळस येते, आणि आपल्या हॉलमध्ये आता त्याला 'त्याग' म्हणतील तेव्हा आणखी येईल. पण मी व्हिजिट व्हिसावर आलो तेव्हाही तू असंच केलंस. दवाखान्यातल्या तुझ्या क्वार्टरमध्ये पुरुष ठेवल्याबद्दल मेट्रनने विचारलं, तेव्हा म्हणालीस, दोन दिवस आलाय. सात महिने 'दोन दिवस' चालले होते. तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेव्हा मी तुला म्हटलं नाही की खोटं बोलू नकोस.

आणि ह्या सगळ्यातही, बस निघाली की कानात काही लावावंसं वाटतं. तुझे दोनशेच्या वर निरोप माझ्याकडे आहेत. ते न कापता, कोंबड्यांसकट, तुटलेल्या वाक्यांसकट ऐकतोय. तू किती विनोदी बोलायचीस! पाच वर्षं तुझ्याइतकं कुणी मला हसवलं नाही, आणि आपल्या एकाही माणसाला ते कळलं नाही, कारण मध्ये मी बसलो होतो. त्यांना वाटतं तू सतत डोळे मिटून असायचीस.

तिकडे माझ्या कबुलीचं काम उरलेलं नाही. पाइप जोडलेला आहे, आणि तो मी जोडलेला नाही. ती म्हातारी आजही पाण्याखाली उभी आहे ती फक्त इथे, आपल्या हॉलमध्ये.

इथवरचा हा लेख मी काल पाळकसाहेबांना पाठवला. आज दुपारी त्यांचा फोन आला. "दानीएलभाऊ, काय साक्ष लिहिलीत! इतका नम्रपणा! मंडळीला मोठा आशीर्वाद होणार. फक्त एक करा, तो नळाचा भाग... म्हणजे लोकांच्या श्रद्धेला धक्का नको. तेवढे चार परिच्छेद कमी करू, बाकी असंच छापू. तीन कुटुंबं राहू द्या. त्यांच्या अंतःकरणात काय झालं ते आपल्याला काय माहीत?"

मी म्हटलं, "पाळकसाहेब, त्यांच्या अंतःकरणाचं माहीत नाही. घरात नळ आला, तेवढं माहीत आहे."

"भाऊ, विचार करा. वडीलमंडळात आहात तुम्ही."

"होतो म्हणा."

ते म्हणाले, "प्रार्थना करू," आणि फोन ठेवला. भला माणूस आहे, ताई. त्याला मीच हे असं ऐकायची सवय लावली.

तेव्हा बहुतेक हे छापणार नाहीत. मग रविवारी स्मरणसभेत तुझ्या त्या तीळ नसलेल्या फोटोखाली उभा राहून मीच वाचेन. तोमासा, तिचा दीर आणि बेनितो, ह्या तीन घरांना नळ मिळाला. कुणाचाही बाप्तिस्मा झाला नाही. पत्र मी लिहिलं. माझा आवाज तुला माहीत आहे, माइक असूनही मागच्या बाकापर्यंत जात नाही.

दोनदा वाचेन.

दान्या